मुक्काम माहूरच्या डोंगरात करा

दिवाळीनंतर चार घरांनी मिळून डोंगरात राहायला जायचं ठरलं की आमच्या लातुरात बोलणं महाबळेश्वरापासून सुरू होतं. हल्ली मुळशी-लोणावळ्याकडच्या लाकडी केबिनींची त्यात भर पडली आहे. पुण्याचा भाचा फोटो पाठवतो आणि म्हणतो, "मावशी, हे बघ, खोलीतून थेट धरण दिसतं." उतरत्या छपराची लाकडी खोली, पुढं ओटा, रात्री शेकोटी. लेकरांना हे हवंसं वाटतं आणि मलाही वाटतं. ज्या जिल्ह्यात जंगल औषधालाच उरलंय, जिथं वडवळ-नागनाथच्या बेटावर वनौषधी आहेत म्हणून आम्ही शाळेच्या सहली तिकडं नेतो, तिथल्या माणसाला झाडाखाली चार दिवस राहावंसं वाटणारच. पण त्यासाठी नांदेड-लातूरच्या माणसानं रात्रभर गाडी हाकत पश्चिमेचा घाट का गाठावा? आपल्याकडं माहूर-किनवटचा डोंगर आहे.

नांदेड जिल्ह्याचं हे ईशान्येचं टोक. पैनगंगा इथं वळसे घेत जाते, पलीकडं यवतमाळ, खाली तेलंगण. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार प्रांतरचनेत तो नांदेडला आला. गावांच्या बोलीत आणि जेवणात ते अजून कळतं. साग, मोह, टेंभुर्णी, सालई, पळस यांचं हे रान. पावसाळा सरता सरता सागाला मोठमोठाले फुलोरे येतात आणि सगळा उतार पांढुरका दिसायला लागतो. इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या कातळावरून सहस्रकुंडाला कोसळते. उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. माहूरला रेणुकामातेचं ठाणं आहे, रामगड किल्ला आहे, डोंगर खोदून केलेली पांडवलेणी आहेत. नांदेडहून मुदखेड, भोकर, हिमायतनगर करत आदिलाबादकडं जाणारी रेल्वे याच रानातून जाते. त्या मार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनसुद्धा आहे.

तरीही आपण माहूरला राहत नाही. पहाटे जीप करायची, देवीचं दर्शन घ्यायचं, तांबूल घ्यायचा, दत्तशिखर आणि अनसूयामातेचं शिखर उरकायचं आणि दिवेलागणीच्या आत गड उतरायचा, ही आमच्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. दत्तसंप्रदायाची श्रद्धा अशी की दत्तप्रभू स्नान काशीला करतात, भिक्षा कोल्हापूरला मागतात आणि निद्रेला माहूरला येतात. तिन्ही लोकी फिरणारा देव रात्रीच्या विसाव्यासाठी जो डोंगर निवडतो, तिथून भक्त मात्र अंधार पडायच्या आत निघून जातात, हे मला फार लागतं. माहूरची खरी ओळख संध्याकाळनंतर होते. जीपगाड्या गेल्या, दुकानांचे भोंगे थांबले की दरीतून गार वारा वर येतो आणि लांबच्या एखाद्या तांड्यावरचे दिवे दिसायला लागतात.

गावात भक्तनिवास आहे, लॉज आहेत, आणि यात्रेकरूची सोय त्यांनी वर्षानुवर्षं केली आहे. पण म्हातारे आई-वडील आणि लहान लेकरं घेऊन तीन-चार दिवस निवांत राहायचं, तर रानाच्या कडेला असलेली साधी, स्वच्छ खोली हवी. अशा खोल्या इथं व्हाव्यात. मात्र त्या कुणी बांधायच्या, हे आधी ठरलं पाहिजे. बाहेरचा कुणी येऊन डोंगराची कड विकत घेईल, कुंपण घालील, गावची पोरं त्याच्या फाटकावर राखणदार म्हणून उभी राहतील, तर मला ते नको आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात पुरुषवाडी नावाचं आदिवासी गाव आहे. पावसाळ्याच्या तोंडावर तिथं काजवे बघायला माणसं जातात, ती गावकऱ्यांच्या घरी राहतात, त्यांच्याच चुलीवरचं जेवतात. किनवट-माहूरला हे का होऊ नये? गोंड, आंध, कोलाम, बंजारा अशी इथली वस्ती. कोलामांच्या हातात बांबूचं काम आहे. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, वर कौल किंवा गवत ही बांधणी या हवेला चालत आलेली आहे. काचेची भिंत एप्रिलच्या उन्हात इथं कुणाला बसू देणार नाही. पुष्कळशी गावं पेसा कायद्याखाली येतात, २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला जंगलावर अधिकार दिलेत, आणि राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. खोल्या जंगल तोडून नव्हे, गावाच्या स्वतःच्या मालकीच्या शेतात व्हाव्यात. किती पाहुणे घ्यायचे, कुठं जायला द्यायचं, कुठं नाही, हे ग्रामसभेनं ठरवावं.

आणि पाण्याचा हिशेब पहिला. हे मी लातूरची म्हणून जोर देऊन सांगते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आमच्या गावाला पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ज्यानं ते दिवस काढलेत, त्याला डोंगरावरच्या पोहण्याच्या तलावाचं कौतुक वाटणं शक्य नाही. ज्या पाड्यावर मार्च सरला की बायका हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावतात, तिथं पाहुण्याला बादलीनंच अंघोळ करायला सांगायला हवं. आणि एप्रिल-मे हे दोन महिने खोल्या बंद ठेवायला हव्यात. त्या दिवसांत साग निष्पर्ण असतो, ऊन भाजून काढतं, वणवा लागण्याची भीती असते. त्या वेळी रानाला आणि गावालाही विसावा मिळू द्यावा.

खोल्या होईपर्यंत थांबायला हवं असं मात्र नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. नवरात्र आणि दत्तजयंती टाळा, तेव्हा गडावर पाय ठेवायला जागा नसते. पळस फुललेला बघायचा असेल तर फेब्रुवारीचा शेवट गाठा. पावसाळ्यात सहस्रकुंडाला जायचं तर कातळावर उतरू नका. वर इसापूर धरण आहे. दरवाजे उघडले की नदी चढते. लेकरांना काठावरून दाखवा, तेवढंही डोळ्यांत मावत नाही. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका, आणि जेवणाला गावातच भाकरी आणि अंबाडीची भाजी सांगा. आपला पैसा तिथं उरला पाहिजे.

नांदेडच्या जिल्हा नियोजन समितीनं पहिल्या वर्षी तीनच गावं निवडावीत. त्या गावांतल्या बचत गटांच्या बायकांना पुरुषवाडीला नेऊन आणावं, परतल्यावर प्रत्येक गावात चार खोल्या आणि एक चांगलं संडास-न्हाणीघर बांधायला पैसे द्यावेत, आणि भाड्याचा दर त्या बायकांनाच ठरवू द्यावा. पाहुण्यांची चिंता त्यांनी करू नये. लातूरच्या आमच्या चार घरांची नावं आताच लिहून घ्या.