गाठोडे सुटले ते बरेच झाले

हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या बाजारात आता वहीशेजारी संगणकही बसला आहे. ज्या व्यापारी बांधवांना विकतचे सॉफ्टवेअर परवडत नाही, त्यांच्यासाठी ईआरपीनेक्स्ट हा एक मार्ग आहे. हे ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा मूळ प्रोग्राम सर्वांना खुला आहे. मुंबईच्या रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्याचा कारभार संगणकावर आणताना या कामाला हात घातला. आपल्या सुतार-कारागिरांना ही गोष्ट जवळची वाटावी.

पण फुकट मिळते म्हणून हाताला लागेल ती प्रत बसवू नये. या प्रोग्रामच्या अनेक शाखा एकाच वेळी चालू असतात. 'डेव्हलप' शाखेत नवे काम चालते, तेथे आज चालणारे उद्या मोडू शकते. 'व्हर्जन-१५' सारख्या शाखेत मुख्यतः दुरुस्त्या येतात. चूक आधी डेव्हलपमध्ये सुधारतात आणि मग तीच दुरुस्ती चालू शाखांत उतरवतात. मात्र प्रत्येक शाखेला मुदत असते. ती संपली की त्या शाखेचा वाली कोणी नाही.

२०२२ साली चौदावी आवृत्ती आली तेव्हा पगार-हजेरीचा भाग मूळ प्रोग्राममधून काढून वेगळा केला गेला. भारतातील जीएसटीचा भागही 'इंडिया कंप्लायन्स' या स्वतंत्र ॲपमध्ये गेला. तेराव्यावरून चौदाव्यावर येणाऱ्याला हे ॲप निराळे बसवणे भाग पडले. सगळे एकाच गाठोड्यात होते ते काय वाईट होते, असे दुकानदाराला वाटणे साहजिक आहे.

माझे मत उलट आहे. मसाल्याच्या तयार पुडीत मिरची खराब निघाली तर सारी पुडी टाकावी लागते. मिरची सुटी असेल तर तेवढीच बदलता येते. जीएसटीचे नियम सारखे बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक मालाला ५ आणि १८ टक्के असे दोनच मुख्य दर राहिले. अशा वेळी कराच्या भागाची दुरुस्ती संपूर्ण प्रोग्रामच्या पुढच्या आवृत्तीसाठी अडून राहणे व्यापाऱ्याला परवडणारे नाही.

गाठोड्याचा धोका डिसेंबर २०२१ मध्ये जगाने पाहिला. 'लॉगफोरजे' नावाच्या एका छोट्या भागात मोठी फट सापडली. तो भाग असंख्य प्रोग्रामांच्या पोटात बांधलेला होता, आणि आपल्या प्रोग्राममध्ये तो आहे की नाही हे शोधण्यातच मोठमोठ्या कंपन्यांची दमछाक झाली.

अर्थात सुटे भाग जुळवणे हेही काम आहे. ईआरपीनेक्स्ट पंधरावे तर त्याखालचे फ्रॅपे पंधरावेच हवे, आणि इंडिया कंप्लायन्सही त्याच जोडीचे. म्हणून बसवून देणाऱ्याकडून प्रत्येक भागाची आवृत्ती कागदावर लिहून घ्यावी. आपल्या दुकानापुरता बदल तो मूळ प्रोग्राममध्येच घुसवत असेल तर तेथेच थांबवावे, नाही तर पुढची प्रत्येक दुरुस्ती घेताना भांडण होणार. बदल वेगळ्या ॲपमध्ये ठेवता येतो. त्याला थोडा जास्त वेळ लागेल आणि तो त्याचे पैसेही मागेल. ते द्यावेत. आणि शाखा बदलायचीच असेल तर मार्चअखेर किंवा हळदीच्या हंगामात नको. आधी हिशेबाची प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून, तेथे एक महिन्याची बिले काढून पाहावीत.