फुकटचं सॉफ्टवेअर वापरताय? मग डेव्हलपरला ब्रांच काढायला सांगा!



बरेच छोटे व्यावसायिक आता ईआरपीनेक्स्ट वापरतात. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, लायसन्स फी नाही. मग एखादा रिपोर्ट चुकीची बेरीज दाखवतो आणि आपण ओळखीतला डेव्हलपर गाठतो. तो आपल्या सर्व्हरवरचा मूळ कोड थेट बदलतो. दोन तासांत काम झालं, पैसे दिले, विषय संपला.

माझं स्पष्ट मत: खरा खर्च तिथून पुढे सुरू होतो.

पुढचं अपडेट आलं की तुमचा बदल आणि नवा कोड एकमेकांना धडकतात. मग आपण म्हणतो, "राहू दे, अपडेट नको." पण सरकारचे नियम थांबतात का? १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइसची उलाढालीची मर्यादा १० कोटींवरून ५ कोटींवर आली. अशा वेळी जुन्या व्हर्जनवर अडकलेला दुकानदार पुन्हा त्याच डेव्हलपरच्या दारात!

यावर उपाय म्हणजे ब्रांच. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट बनवलं, त्यातली ही सोय. आपल्या भाषेत सांगायचं तर कच्ची वही. आधी कच्च्यात लिहायचं, तपासायचं, मगच पक्क्या वहीत चढवायचं. चूक झाली तरी पक्की वही कोरीकरकरीत.

पद्धत साधी आहे:

१. गिटहबवर प्रोजेक्टचा फोर्क, म्हणजे स्वतःची प्रत घ्या.
२. ईआरपीनेक्स्टचं चालू काम 'डेव्हलप' ब्रांचवर होतं. तिथून आपली नवी ब्रांच काढा.
३. एका ब्रांचमध्ये एकच दुरुस्ती. चार कामं एकत्र कोंबली, तर एका वादात बाकीची तीनही लटकतात.
४. ब्रांच पुश करून पुल रिक्वेस्ट पाठवा. तपासणाऱ्याने बदल सुचवला तर त्याच ब्रांचवर दुरुस्त करून पुन्हा पुश करा, रिक्वेस्ट आपोआप अद्ययावत होते.

ती मंजूर झाली की तुमची दुरुस्ती मूळ सॉफ्टवेअरचाच भाग होते. पुढच्या व्हर्जनमध्ये ती आयती मिळते, दर अपडेटला तेच काम पुन्हा करून घ्यावं लागत नाही. शिवाय त्याच चुकीने त्रासलेल्या बाकीच्या दुकानदारांचंही भलं होतं.

सगळंच मंजूर होईल असं नाही, वेळही लागतो. फक्त तुमच्याच दुकानाला लागणारा बिलाचा नमुना मूळ प्रोजेक्टात कोण घेईल? तो वेगळ्या कस्टम ॲपमध्ये ठेवा. पण बेरीजच चुकत असेल, तर ती सगळ्यांची चूक आहे. ती वरपर्यंत गेलीच पाहिजे.

"आम्हाला कुठे कोडिंग येतं?" नका शिकू! कोटेशन घेताना एकच अट घाला: मूळ कोडमधली चूक असेल तर दुरुस्ती वेगळ्या ब्रांचवर करायची आणि पुल रिक्वेस्टची लिंक आम्हाला द्यायची. लिंक आल्यावरच शेवटचा हप्ता.