वकीलसाहेबाची दया नको, आपला हक्क पाहिजे



निवडणूक आली की पाड्यावर जीप येते. काळा कोटवाला उतरतो, हात जोडतो. म्हणतो, मी वकील, मला कायदा कळतो, मला मुंबईला पाठवा, तुमचा प्लॉट तुमच्या नावावर करून देतो. आपली माणसं म्हणतात, माणूस चांगला हाय. असेल. पण चांगला माणूस पुरतो का? याचं उत्तर आपल्याच ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात आहे.

बाळ गंगाधर खेर. जन्म रत्नागिरीचा, 1888 सालचा. मुंबईत मोठे सॉलिसिटर. चालती वकिली असताना स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात गेले. 1937 ला निवडून आले आणि मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान झाले, म्हणजे आजचे मुख्यमंत्री. पैसे खाल्ल्याचा आरोप आम्ही त्यांच्यावर करत नाही. उलट 1940 साली आदिवासी सेवा मंडळ निघालं त्यात ते पुढे होते. शाळा काढल्या, वसतिगृहं काढली. आदिवासींचं दुःख त्यांना ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. सायमिंग्टन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने वेठबिगारीचा अहवाल दिला तो त्यांच्याच पहिल्या राजवटीत.

पण अहवाल कपाटात राहिला आणि वेठ शेतात राहिली. लगीनगडी शेठच्या दारात राबतच होता.

1945 ला वारली उठले. झरीला सभा झाली, वेठ बंद म्हणून ठरलं. मग गवताचा संप. मागणी किती? पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. ऑक्टोबरात तलवाड्याला गोऱ्या सरकारच्या पोलिसांनी गोळी घातली. जेठ्या गांगड आणि साथी पडले. तेव्हा राज्य गव्हर्नरचं होतं, हे खरं.

1946 ला खेर परत गादीवर आले. गृहखातं मोरारजी देसाईंकडे. जंगलातल्या मजुरांनी दिवसाला सव्वा रुपया मागितला. आता आपलं सरकार, आदिवासींचा कैवारी वकील वर बसलेला. काय झालं? गोदाताई आणि शामराव परुळेकरांना जिल्ह्यातून तडीपार केलं. जानेवारी 1947 ला पालघर तालुक्यात नानिवलीला परत गोळीबार. परत वारलीच मेले.

हेच समजून घ्या. हात पसरला तेव्हा शाळा मिळाली, मजुरी मागितली तेव्हा गोळी मिळाली. दया करणाऱ्याला गप्प बसलेला आदिवासी आवडतो. तोच उभा राहून हिशेब मागतो तेव्हा दयाळू माणूसही पोलिसाला हाक मारतो.

कोणी म्हणेल, खेरांच्याच काळात 1948 चा कुळकायदा झाला. झाला ना! पण कूळ ठरायला कागद लागतो. कागद तलाठ्याकडे आणि तलाठी शेठच्या ओटीवर. ज्या गावात लोक एकजुटीने उभे राहिले तिथे कायदा चालला. बाकी ठिकाणी शेठने कुळाला हुसकून लावलं आणि सातबारा कोरा ठेवला.

आजही तेच. 1974 चा कायदा सांगतो की 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर-आदिवासीकडे गेलेली आदिवासीची जमीन परत द्या. 1978 च्या सरकारी निर्णयाने सांगितलं होतं की 31 मार्च 1978 पर्यंतची वनजमिनीवरची अतिक्रमणं नियमित करा. कायदा नाही असं नाय. मग जमीन कुठे अडली? मामलेदाराच्या टेबलावर, फॉरेस्टवाल्याच्या काठीत.

म्हणून काळा कोटवाला आला की त्याला चहा पाजा, पण तीन सवाल करा. एक, तू आजवर आदिवासीच्या किती केसेस चालवल्या आणि शेठच्या किती? दोन, आमची पिकं फॉरेस्टने उपटली तेव्हा तू कुठे होतास? तीन, आम्ही कचेरीवर मोर्चा आणला तर तू मोर्चात चालशील की खिडकीतून बघशील?

आणि आपलं काम आपण करा. दंडाची पावती चुलीत घालू नका. तोच आपला पुरावा, जमीन कधीपासून कसतो ते त्यावर लिहिलेलं असतं. एकसाली प्लॉटचे कागद जपा. म्हाताऱ्यांची साक्ष लिहून घ्या. एकटादुकटा मामलेदाराकडे जाऊ नका, सगळा पाडा घेऊन जा.

आमदार कुणीही होवो. तो आपल्या धाकात राहिला तर कामाचा. आपण त्याच्या उपकारात राहिलो तर आपण परत लगीनगडी.

कसेल त्याची जमीन! संघटना जिंदाबाद!