खाजणातील कोरगुट

संकटांनी मनुष्य घडतो, असे आपण निबंधांतून वारंवार लिहितो. पिकांविषयीही पुष्कळांची समजूत तशीच असते. माती जितकी कठीण, तितके रोप काटक! आमच्या गोमंतकातील खाजणांचा विचार केला म्हणजे मात्र ही समजूत अर्धीच खरी ठरते.

मांडवी, जुवारी या नद्यांच्या मुखांकडील सखल जमिनी आपल्या पूर्वजांनी बांध घालून भरतीपासून सोडविल्या. या खाजणांचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर मानले जाते. बांधात ठिकठिकाणी ‘मानस’ असते. तिची लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. एवढी व्यवस्था असूनही उन्हाळ्यात मातीत खार चढतोच.

हा खार भाताच्या रोपास काय करतो? मातीतील पाण्यात मीठ वाढले की ते शोषून घेणे मुळांना जड जाते. पाण्यात उभे असूनही रोप तहानलेलेच राहते. पुढे मिठातील सोडियम पानांत साचतो, पानांची टोके करपतात आणि फुटवे कमी येतात. रोप कोवळे असताना व पुन्हा फुलोऱ्याच्या वेळी ही बाधा अधिक होते. फुलोऱ्यात परागकण निकामी झाले की लोंबीत दाण्याऐवजी फोल राहते, आणि जे दाणे भरतात तेही वजनास हलके. म्हणजे हानी केवळ मापाची नव्हे, कसाचीही होते.

कोरगुट हे तांबड्या तांदळाचे भात पिढ्यान्‌पिढ्या हा खार सोसत आले आहे. परंतु ते सोसते याचे श्रेय एकट्या बियाण्याचे नाही. मृगाच्या सरींनी खार धुऊन जाईपर्यंत शेतकरी थांबतो व मगच पेरणी करतो. बांध शाबूत असतो, म्हणूनच खाराला मर्यादा राहते. तो फुटला व भरतीचे पाणी नित्य आत येऊ लागले, तर तेथे कोरगुटही टिकत नाही, कांदळवन माजते.

जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून ‘गोवा धान’ नावाची काही वाणे दिली आहेत. हे कार्य गौरवास्पद होय. तथापि, नवे बी आले, आता बांधाची चिंता कशाला, असे कोणी म्हणू लागल्यास तो मोठा भ्रम ठरेल. पूर्वी बांधांची निगा गावकरी संस्था राखीत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघांकडे आली. मासळीच्या लोभाने मानशीची दारे अवेळी उघडी ठेवणे किंवा पडीक शेताकडील बांधाची डागडुजी टाळणे, याचे फळ शेजारच्या शेतासही भोगावे लागते. खार कोणाची मेर ओळखत नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, संकट घडविते हे खरे, पण ते आटोक्यात असेल तरच. त्यास आटोक्यात ठेवणे हे रोपाचे काम नव्हे, आपले आहे. आपल्या गावच्या मानशीची दारे शेवटची केव्हा दुरुस्त झाली, हे घरच्या वडीलधाऱ्यांस अवश्य विचारा. उत्तर कोणासच ठाऊक नसेल, तर चिंतेचे कारण आहे असे समजा.