जोड्या जुळल्या, शब्द परकाच राहिला

‘इंग्रजी शब्दसंग्रह वाढवा’ या मथळ्याखाली सीमाभागातील मराठी मुलांच्या हाती जे स्वाध्याय पडतात, त्यांत ‘जोड्या जुळवा’ या प्रकाराचा मान पहिला. डावीकडे पाच इंग्रजी शब्द, उजवीकडे पाच इंग्रजी व्याख्या आणि मधे मुलाने ओढायच्या रेघा. मुळात ही परीक्षा घेण्याची रीत आहे. ती शिकवण्याची रीत म्हणून खपवली जाते, हा माझा आक्षेप आहे. त्यातही परीक्षा म्हणून ती कच्चीच.

पाचपैकी चार शब्द ठाऊक असले की पाचवा फुकट मिळतो. तीन ठाऊक असले तर उरलेल्या दोहोंसाठी नाणे उडवले तरी भागते. ज्याला एकही शब्द येत नाही, त्याने डोळे मिटून रेघा ओढल्या तरी सरासरीने एक जोडी बरोबर येतेच, मग शब्द पाच असोत वा पन्नास. असा पुरावा न्यायालयात दाखल झाला, तर उलटतपासणीत पाच मिनिटेही टिकणार नाही.

व्याख्येची गोष्ट आणखी वेगळी. डॉ. जॉन्सन यांनी १७५५ च्या कोशात ‘नेटवर्क’ या साध्या शब्दाची जी व्याख्या केली, ती समजण्यासाठी दुसरा कोश उघडावा लागतो, असा तिचा लौकिक आहे. ढाक्यात अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी ही अडचण ओळखली आणि १९३५ च्या आपल्या कोशातील सर्व व्याख्या अवघ्या १,४९० शब्दांत बसवल्या. आपल्या स्वाध्यायकारांना मात्र ही काळजी नाही. मूळ शब्द न येणाऱ्या मुलाला व्याख्येतले तीन शब्द येत नाहीत, आणि मराठीत विचारण्याची वर्गात बंदी!

या अर्धवट ज्ञानाची किंमत पुढे मोजावी लागते. ‘अबेट’ हा शब्द घ्या. स्वाध्यायातील जोडी सांगते : कमी होणे, ओसरणे. पाऊस ओसरतो, ताप ओसरतो, इथवर ठीक. दिवाणी दाव्यात वादी मरण पावला आणि वारसांनी ९० दिवसांत आपली नावे अभिलेखावर आणण्यासाठी अर्ज केला नाही, तर त्या वादीपुरता दावा ‘अबेट’ होतो. म्हणजे तो संपतो. पुढील ६० दिवसांत ते उपशमन रद्द करून घेण्याचा अर्ज करता येतो. ज्याने ‘कमी होणे’ एवढेच पाठ केले, तो वारस दाव्याची रक्कम थोडी घटली असे समजून घरी बसेल, आणि वडिलांची जमीन हातची जाईल.

एका शब्दाला एकच व्याख्या असते, ही समजूतही याच रेघांतून रुजते. ‘गुड फेथ’ म्हणजे काय? १८९७ च्या साधारण वाक्यखंड अधिनियमानुसार प्रामाणिकपणे केलेली कृती, मग तीत हयगय झालेली असो वा नसो. १९६३ च्या मुदत अधिनियमानुसार मात्र योग्य काळजी व लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावपूर्वक ठरत नाही. तोच मनुष्य, तेच कृत्य. एका कायद्यात तरतो, दुसऱ्यात बुडतो. आता रेघ कोणत्या व्याख्येकडे ओढायची?

मराठीने इंग्रजी बिघडते, हा युक्तिवाद मला मान्य नाही. मोल्सवर्थ यांनी आरंभलेला आणि कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये छापला गेला. मराठीतून इंग्रजी शब्दांपर्यंत जाण्याची ही वाट तेव्हापासून रुळलेली आहे. प्राथमिक टप्प्यावर भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय व्हावी, यासाठी १९५६ मध्ये संविधानात अनुच्छेद ३५०-अ घातला गेला. इंग्रजीच्या तासाला मराठी गप्प बसवणे हे त्या अनुच्छेदाच्या शब्दाशी कदाचित सुसंगत ठरवता येईल, हेतूशी नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या शिक्षकांनी या रेघा थांबवाव्यात. वहीत इंग्रजी शब्द, त्याचा मराठी अर्थ आणि तो शब्द ज्यात खरोखर आला ते एक वाक्य लिहून घ्यावे. दुसरे वाक्य वेगळ्या अर्थाचे मिळाले तर त्याखाली तेही. आणि कोणी रुसले तरी चालेल, शेजारी कन्नड प्रतिशब्दही लिहावा. तहसील कचेरीची नोटीस त्याच भाषेत दारात येते, आणि उत्तर देण्याची मुदत ती वाचता न येणाऱ्यासाठी थांबत नाही.