मेहनतीला न जुमानणारी परीक्षा

आपल्या मध्यमवर्गाचा देवाच्या खालोखाल एकाच गोष्टीवर विश्वास आहे. मेहनत! गणित कच्चं? क्लास लावा. इंग्रजी येत नाही? रोज पेपर वाचा. आम्ही आयटीवाले तर या पंथाचे पक्के वारकरी. सर्टिफिकेशनची परीक्षा हुकली की पुन्हा पैसे भरायचे, पुन्हा बसायचं, पास होईपर्यंत बसत राहायचं. त्यामुळे हवाई दलात पायलट व्हायची एक चाचणी आयुष्यात फक्त एकदाच देता येते असं मी ऑफिसात सांगितलं, तेव्हा लोकांना ते खरंच वाटेना. "म्हणजे री-अटेम्प्टच नाही?"

नाही. आणि माझ्या मते ते योग्यच आहे. चूक दुसरीकडेच आहे, तिच्याकडे येतोच.

आधी रस्ता सांगतो. बारावीच्या वेळेस एनडीए, पदवीनंतर सीडीएस किंवा हवाई दलाची स्वतःची एएफकॅट. लेखी निघाली की डेहराडून, म्हैसूर, वाराणसी अशा केंद्रांवर पाच दिवसांची निवड प्रक्रिया. त्यातून तरलेल्या आणि पायलटच व्हायचं असलेल्या उमेदवारांची मग सीपीएसएस, म्हणजे संगणकावरची वैमानिक निवड चाचणी (हिची आधीची आवृत्ती म्हणजे पीएबीटी). डायल वाचायचे, हातातली जॉयस्टिक आणि पायाखालचं पेडल वापरून पडद्यावरचा पळणारा ठिपका जागेवर ठेवायचा, मधेच दिवे लागतात, आवाज येतात, त्यांनाही उत्तर द्यायचं. इथे नापास झालात की पायलटचं दार कायमचं बंद. पास झालात तर सविस्तर वैद्यकीय तपासणी, आणि शेवटी गुणवत्ता यादी.

आता "एकदाच" का, ते बघा. सराव करून इथले मार्क वाढवता येतील, पण मग मोजला जाईल तो सराव. त्यांना मोजायची आहे हात, पाय, डोळे आणि डोकं यांची मुळातली जुळवणी. विमानात बसवून शिकवणं महाग आहे, आणि तिथे चूक झाली तर री-अटेम्प्ट देणाराच उरत नाही.

वैद्यकीय आकड्यांचंही तेच. उड्डाण शाखेसाठी वर्षानुवर्षं छापले गेलेले आकडे असे: उंची किमान 162.5 सेंटिमीटर, पायाची लांबी 99 ते 120, बसल्यावरची उंची 81.5 ते 96, मांडीची लांबी जास्तीत जास्त 64. वाचताना वाटतं की शिंपी माप घेतोय :) पण प्रत्येक आकड्यामागे कारण आहे. पाय आखूड असेल तर रडरच्या पेडलपर्यंत पोचत नाही. बसल्यावर माणूस फार बुटका असेल तर समोरचं दिसत नाही, फार उंच असेल तर डोकं वरच्या काचेला लागतं. आणि मांडी लांब असेल तर इजेक्ट होताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटू शकतात. ही मापं माणसाच्या लायकीची नाहीत, यंत्राची आहेत.

यंत्राची आहेत म्हणूनच ती बदलूही शकतात. 1950 च्या सुमाराला अमेरिकन हवाई दलाने चार हजारांवर वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण लेफ्टनंटने त्यातली दहा मापं तपासली, तर दहाही मापांत 'सरासरी' असलेला एकही वैमानिक निघाला नाही! कॉकपिट मात्र सरासरी माणसासाठी बनत होतं. पुढे सीट आणि पेडल मागेपुढे होऊ लागले. 2020 मध्ये तर त्याच हवाई दलाने उंचीची सरसकट अटच काढली. आपल्याकडे 2016 पर्यंत बाईला लढाऊ विमान मिळत नव्हतं. 2020 मध्ये नागपूरची अंतरा मेहता लढाऊ वैमानिक झाली, आणि 2022 मध्ये एनडीएत मुलींची पहिली तुकडी गेली. तेव्हा नियम म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे.

मग चूक कुठे आहे? क्रमात. ज्या गोष्टी मेहनतीने बदलत नाहीत, त्यांची सविस्तर तपासणी सगळ्यात शेवटी होते, आणि तोवर त्या पोराला कोणी सांगितलेलंच नसतं.

आमच्या ऊर्जानगरचंच उदाहरण देतो. चंद्रपूरच्या वीज केंद्राची ही कॉलनी. चिमण्या, कोळसा, शिफ्टचे भोंगे. इथून बाहेर पडायचे मार्ग म्हणजे इंजिनिअरिंग, नाहीतर सरकारी नोकरी. माझ्या वर्गातल्या एकाला मात्र विमानच हवं होतं. दोन वर्षं क्लास, पहाटे धावणं, रात्री इंग्रजी. लेखी निघाली, पाच दिवस निघाले, सीपीएसएससुद्धा निघाली. आणि वैद्यकीय तपासणीत कळलं की त्याला लाल-हिरवा रंग नीट ओळखता येत नाही. जन्मापासून. त्याचे बाबा प्लान्टमध्ये फोरमन. त्यांनी मला विचारलं, "पुढच्या टायमाले यासाठी कोणतं पुस्तक लागते?"

काय सांगणार? पुस्तक होतं, पण ते आधी उघडायला हवं होतं. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरने 1917 मध्ये काढलेलं ठिपक्याठिपक्यांच्या आकड्यांचं पुस्तक. त्या ठिपक्यांतले आकडे वाचायला पाच मिनिटं लागतात, आणि शाळेतल्या पोरालाही ते जमतं. रंगांधत्व बहुतेक आईकडून मुलाकडे येतं, म्हणून ते मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त आढळतं. अभ्यासाने ते जात नाही. दोन वर्षं फी घेणाऱ्या क्लासने पहिल्या दिवशी ही पाच मिनिटं दिली असती, तर?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जे मेहनतीने बदलत नाही ते आधी मोजा, जे बदलतं त्यावर नंतर घाम गाळा. क्लासवाल्यांनी फीची पावती फाडण्याआधी वैद्यकीय निकषांचं पान पालकांच्या हातात ठेवावं. शाळांनी आठवीत एकदा रंगदृष्टी आणि दरवर्षी चष्म्याचा नंबर तपासावा. 2019 पासून बल्लारपूरजवळ भिवकुंडला सैनिक स्कूल आहे. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून मुलांना एनडीएसाठी तयार करते, मुलींसाठी तशीच संस्था 2023 मध्ये नाशिकला सुरू झाली. म्हणजे वाटा आहेत. पण त्या थोड्यांसाठी. बाकीच्या पोरांना निदान माहिती तरी मिळू दे.

तुम्ही म्हणाल, बारा-तेराव्या वर्षी पोराला "तुझं जमणार नाही" सांगायचं? स्वप्नच मारायचं? मला ते पटत नाही. उंची तेव्हा वाढतच असते, तिच्यावरून कोणी निकाल लावू नये. पण रंगदृष्टी कळली तर त्याच पोराच्या हातात पुढची पाच-सहा वर्षं उरतात. विमान उडवणं हाच विमानाशी नातं जोडायचा एकमेव मार्ग नाही. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये सुखोई जुळवणारेही विमानवालेच की! फरक एवढाच, की तेराव्या वर्षी घेतलेलं वळण ही निवड असते, आणि अठराव्या वर्षी सगळ्या परीक्षा जिंकून झाल्यावर आलेलं तेच वळण पराभव वाटतं.

माझा मित्र नापास झाला असं कॉलनीत अजून म्हणतात. तो एकाही परीक्षेत नापास झालेला नाही. ज्या दोन गोष्टी आपल्याकडे कायम एकत्र मोजल्या जातात, मेहनत आणि नशिबाने मिळालेलं शरीर, त्या वेगळ्या करायला आपण शिकलो तर बरं. घरात कुणी पोरगं गच्चीवर उभं राहून विमानं बघत असेल, तर त्याला क्लास लावण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. एका दुपारचं काम आहे.