सरासरीआड दडलेला दुष्काळ

दुष्काळ पडतो रानात, पण जाहीर होतो कागदावर. म्हणून कागदावरचा आकडा येतो कोठून, हे ज्याची चूल त्या आकड्यावर पेटते किंवा विझते त्याने विचारलेच पाहिजे.

भारतातील पावसाच्या आकड्यांना शास्त्राची शिस्त लावणाऱ्यांत गिल्बर्ट वॉकर यांचे नाव मोठे आहे. केंब्रिजचे हे गणितज्ञ १९०४ ते १९२४ या काळात हवामान खात्याचे प्रमुख होते. १८७७ आणि १८९९ साली मान्सूनने दगा दिला, लाखो माणसे मेली. पुढचा पाऊस आधी कळेल काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. यूल यांनी १९२७ मध्ये सूर्यावरील डागांच्या नोंदी अभ्यासल्या. ते काम लंडनला प्राध्यापक असलेल्या वॉकर यांनी १९३१ मध्ये पुढे नेले. आजचा आकडा कालच्या आकड्याशी किती बांधलेला आहे, हे सांगणारी 'यूल-वॉकर समीकरणे' आजही शिकवली जातात.

काळाचा हिशेब झाला, पण जागेचे काय? दोन पर्जन्यमापकांच्या मधल्या गावात किती पाऊस पडला? दक्षिण आफ्रिकेचे खाण अभियंता डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये असाच प्रश्न सोन्याच्या खाणींबाबत सोडवला. थोड्या नमुन्यांवरून त्यांनी न खणलेल्या जागेचा अंदाज बांधला. पुढे नोएल क्रेसी यांच्यासारख्या प्राध्यापकांनी स्थळ आणि काळ एकत्र धरले. विकल यांच्यासोबतचा त्यांचा ग्रंथ २०११ चा आहे. या शास्त्राचा प्रामाणिकपणा असा, की ते अंदाज तर सांगतेच, शिवाय तो किती चुकू शकतो हेही सांगते. यंत्र जितके दूर, तितकी चूक मोठी!

शासनाच्या आदेशात हा दुसरा आकडा कधी वाचला आहे काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. ओरड झाली, तेव्हा नोव्हेंबरमध्ये इतर तालुक्यांतील नऊशेहून अधिक महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती मान्य करावी लागली. त्या थोड्या दिवसांत सरलेल्या पावसाळ्याचा पाऊस बदलला नव्हता; बदलली ती मोजणीची चौकट. तालुका धरला तेव्हा जी मंडळे दिसत नव्हती, ती मंडळ धरताच दिसली.

आणि मंडळाची सरासरी तरी वस्तीपर्यंत कोठे पोहोचते? पिकाच्या नुकसानीचे अनुदान सातबारा पाहून मिळते. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्या मजुराची बुडालेली मजुरी कोणत्या रकान्यात लिहायची? गावकुसाबाहेर असे किती जण आहेत, हे सांगायला संख्याशास्त्रज्ञ लागत नाही. पण जे मोजलेच नाही, ते कोणत्याही समीकरणात येत नाही.

माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ स्पष्ट आहे. जनतेवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना त्यामागची तथ्ये शासनाने स्वतःहून प्रसिद्ध केली पाहिजेत आणि बाधितांना कारणेही दिली पाहिजेत. मंडळाचे पर्जन्यमापक कोठे आहे, किती दिवस बंद होते, अंदाजात चूक किती, हे ग्रामसभेत वाचून दाखवा, अशी मागणी कार्यकर्त्यांनी करावी. बुडालेल्या मजुरीच्या दिवसांची नोंद वस्तीने स्वतः ठेवावी. तहसीलवर मोर्चा जरूर न्यावा, पण निवेदनासोबत आपला आकडाही न्यावा. घोषणा विसरता येते. तारीखवार नोंद नाकारायला मात्र साहेबाला कारण लिहून द्यावे लागते.